सरदाराच्या बाजूनं

राहू गावच्या शिवारात रोहिदासचा शेवंतीचा तुकडा आहे. हंगामात सकाळी तोडणीला बायका आल्या की त्या तुकड्यात जी भांडणं लागायची, तशी ग्रामपंचायतीच्या सभेतही लागत नसतील. बांधावरून नाही, पाण्याच्या पाळीवरून नाही, मजुरीवरून तर मुळीच नाही. आदल्या संध्याकाळी टीव्हीवर लागलेल्या मालिकेवरून! हात फुलांत आणि तोंडं संस्थानात.

मालिका दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा संस्थानाची होती. राजाला दोन मुली. थोरली मंजुळाराजे, तिच्यावर सरदार रणधीररावांचं प्रेम. पण हा गडी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तिची पालखी निघाली की घोड्यावरून मागं मागं जायचा, तिच्या महालाखाली पहाऱ्याला उभा राहायचा, आणि तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलं तर मांडवाचा बंदोबस्तही यानंच केला. धाकटी केतकीराजे. तिचा उदयसिंह म्हणजे अगदी दुसरं टोक, भर मांडवातून तिला घोड्यावर घालून घेऊन गेला. मागं तलवारी, धुरळा आणि ढोल. आणि तिसरी एक जोडी होती, अशीच तोंडी लावायला ठेवलेली. कस्तुरी नावाची दासी आणि राजाच्या पागेत घोडी सांभाळणारा बाजी. त्यांना एका भागात दोन मिनिटं मिळायची, तीही लोकांनी हसावं म्हणून.

तोडणीच्या टोळीत गिताबाई वयानं सगळ्यात मोठी आणि जिभेनंही. ती उदयसिंहाच्या बाजूची. "मर्दाचा बच्चा हाय. उचलली आन् नेली! न्हाईतर तुमचा त्यो सरदार. नुसता मिशीला पीळ देतोय आन् डोळ्यात पाणी आणतोय. आरं, मिशीखाली तोंड हाय का न्हाई त्याला?"

बायका फिदीफिदी हसायच्या. भरलेला क्रेट उचलत रोहिदास म्हणायचा, "मावशी, उचलून न्यायला ती काय खताची गोणी हाय? तिला इचारलं का त्यानं? सरदाराचं बघा. तिची अब्रू जपतोय. तिला बोल लागंल असं एक पाऊल टाकत न्हाई."

"पाऊल टाकतच न्हाई त्यो, कुठल्याच बाजूला," शितल म्हणायची. फुलं खुडता खुडता, मान वर न करता.

शितल म्हणजे शेजारच्या वस्तीवरच्या पोपटची बहीण. तिशी ओलांडलेली. तिला दौंडला दिली होती, पण नवऱ्यानं दुसरी बाई आणून ठेवली आणि हिला सोडचिठ्ठी दिली. तेव्हापासून ती भावाच्या घरी. भावजय वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं, पोरं मोठी होत आलेली, आणि परत आलेल्या बहिणीनं कुठं अंथरूण टाकायचं हा प्रश्न रोज संध्याकाळी न बोलता पडायचाच. शितलचा हात फुलाला फार हलका होता, देठ कधी मोडायचा नाही. आणि रोहिदासची चेष्टा करायला टोळीत तीच पुढं. "काय सरदार, आज बंदोबस्त कुठं?" असं ती म्हणाली की रोहिदासचा दिवस बरा जायचा. दिवसच काय, आठवडा जायचा.

आता या रोहिदासचं सांगायला हवं. वय सदतीस. विडी नाही, तंबाखू नाही, बागायत जमीन, पक्कं घर, दारात मोटारसायकल, आणि तरीही बिनलग्नाचा. त्याच्या वयाच्या दहाजणांत असे चार तरी निघतील या पट्ट्यात. पोरीचा बाप विचारायचा, "पोरगं काय करतं?" मामा सांगायचे, "शेती हाय, फुलांची." बाप मान हलवून विचारायचा, "आणखी?" त्या 'आणखी'पुढं सगळी शेवंती वाळून जायची.

म्हणून मध्ये एक वर्ष तो कुरकुंभला केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं लागला. पगारासाठी नव्हे हो, बायोडाट्यासाठी! 'कंपनीत नोकरी' असं लिहिता यावं म्हणून. तीन पाळ्या, डोक्याला जाळीची टोपी, हातात रबरी मोजे. शेजारी पाटण्याकडचा एक पोरगा होता. तो विचारायचा, "भैया, अपनी खेती छोड़ के इधर काहे को?" रोहिदास म्हणाला, "शादी के लिए." तो पोरगा इतका हसला की सुपरवायझर बघायला आला. पुढच्या स्थळानं विचारलं, "परमनंट न्हाई का?" ठेका संपला, रोहिदास परत शेवंतीत आला.

आठ वर्षं हे चाललं. आई विठाबाई, मामा सोपानराव आणि रोहिदास, तिघं गाडी करून जायचे. पोहे, पाणी, चहा. पोरगी यायची, बसायची, मोबाईलकडं बघत उठून जायची. निघताना पोरीचा बाप ओट्यापर्यंत यायचा आणि म्हणायचा, "कळवतो." विठाबाई ओट्याखाली वाकून आपल्या चपला शोधायची. घरी आल्यावर आठ दिवस फोन तिच्या कमरेच्या पिशवीत. देवाला जाताना फोन, गोठ्यात जाताना फोन. कुणाचा यायचा? सिमकार्डवाल्यांचा यायचा. एकदा तर पाटसच्या स्थळाचा फोन समजून ती त्या सिमकार्डच्या बाईलाच "ताई, तुम्ही पाटसच्या का ओ?" असं विचारत बसली. रोहिदासनं ते ऐकलं आणि उठून विहिरीकडं गेला.

अशा माणसाला तो सरदार भेटला. रोज साडेसातला, आईच्या शेजारी बसून. सरदार खांबाआड उभा राहून मंजुळाराजेला बघायचा, मागं सारंगी वाजायची, आणि विठाबाई पदर डोळ्याला लावून म्हणायची, "खानदानी हाय बाबा. माझं पोरगं बी असंच हाय." रोहिदासला छातीत काहीतरी भरून यायचं. शितल मनात असूनही तो तिला तसं बोलत नव्हता, याला आजवर नाव नव्हतं. आता मिळालं. भित्रेपणाला सरदारकी म्हणायला लागला गडी! तो स्वतःला सांगायचा, ती आपल्या रानात रोजानं येते, आपण काही बोललो आणि तिला नाही म्हणायचं असलं तर तिची मजुरी जाईल. गावात तोंडं चालतील. तिचं एकदा झालंय, पुन्हा नको. सगळी कारणं खरी होती, तीच तर अडचण. खोटी असती तर कधी ना कधी त्याला स्वतःची लाज वाटली असती.

मग तो बाजीचा भाग आला. राजवाड्यामागच्या आडावर कस्तुरी पाणी शेंदत होती आणि बाजी घोड्याला पाणी पाजायला आला. तिथंच, बादली हातात असताना, त्यानं विचारून टाकलं की माझ्याशी लगीन करतीस का. ना चंद्र, ना सारंगी. ती म्हणाली, "करते की." घोडं फुरफुरलं, झालं.

दुसऱ्या दिवशी गिताबाईनं विषय काढला. "आन् ह्ये काय प्रेम म्हणायचं? लाज न्हाई, लढाई न्हाई!"

"मला त्योच आवडला," शितल म्हणाली.

"कोण? त्यो घोडेवाला?" रोहिदासला राहवलं नाही. "सरदाराच्या नखाची सर तरी हाय का त्याला? सरदार तिच्यासाठी जीव देईल."

शितलनं हातातली फुलं ओटीत टाकली आणि पहिल्यांदा सरळ त्याच्याकडं पाहिलं. "जीव कशाला द्यायचा? तिला जीव नगं हाय त्याचा. तिला घर पायजे. त्या बाजीनं इचारलं, तिनं सांगितलं, आन् आज दोघं भाकरी खात बसल्यात. तुमची मंजुळाराजे अजून खिडकीत उभी हाय."

टोळीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. गिताबाईनंसुद्धा. रोहिदासचे कान तापले. त्याला समजलं होतं, अगदी लख्ख समजलं होतं. आणि समजल्यावर त्यानं काय केलं? दोन क्रेट उचलले आणि टेम्पोकडं चालता झाला. अरे, क्रेट काय पळून चालले होते का?

पुढं पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी पोपट घरी आला, सोबत वस्तीवरचे एक वडीलधारे मारुतराव. पोपटनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, तेवढ्यावरून विठाबाईनं ओळखलं. सोपानमामा योगायोगानं तिथंच होते. पाणी झालं. पोपट मांडीवर हात चोळत म्हणाला, "मामा, आडपडदा न ठेवता बोलतो. आमच्या शितलला तुमच्या घरात द्यायची म्हणतोय. तिलाबी इचारलंय, तिची ना न्हाई. शिरूरकडनं एक स्थळ आलंय, टेम्पोवाला हाय, बायको वारलीय, एक पोरगी हाय. त्यास्नी उत्तर द्यायचंय. तुम्ही व्हय म्हणा, म्हंजी तिकडं न्हाई म्हणून मोकळा होतो."

स्वयंपाकघराच्या दारात विठाबाई उभी होती. पोरीकडचे आपण होऊन आले होते! आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांच्या ओट्यावर चपला काढल्या होत्या.

सोपानमामांनी घसा खाकरला. टोपी नीट केली. असे प्रसंग त्यांच्याही वाट्याला आले नव्हते, त्यामुळं ते जरा जास्तच ताठ बसले. "बघू," ते म्हणाले. "घरात इचार करतो. आता अवस जवळ हाय, ती झाली की कळवतो."

मामांनी विठाबाईकडं पाहिलं. विठाबाईनं मान डोलावली.

पोपटनं मामांवरची नजर काढली आणि रोहिदासकडं वळवली. चांगलं वेळ घेऊन पाहिलं त्यानं. रोहिदास फरशीकडं बघत होता. मोठी माणसं बोलत होती, मध्ये कसं तोंड घालायचं? मनात मात्र 'व्हय, व्हय, व्हय' असं ढोलासारखं चाललं होतं. ओठ उघडून एकदा बाहेर सोडायचं, एवढंच काम होतं. त्यानं ते केलं नाही.

पाहुणे गेल्यावर विठाबाईनं दार लावलं आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. देवापुढं साखर ठेवली, रोहिदासच्या तोंडात कोंबली.

"आई, मग व्हयच म्हणायचं की तवा," रोहिदास म्हणाला.

"म्हणायचंच हाय रं! पोरगी कामाची हाय, समजूतदार हाय. पहिलं लगीन मोडलं त्यात तिचा काय दोष? पर लगेच म्हणत्यात व्हय कुणी?"

"पोराकडच्यांनी जागेवर होकार दिला की लोक म्हणत्यात पोरात खोट हाय," मामा म्हणाले. "रीत हाय ती."

विठाबाईनं डोळे पुसले. "आठ वरसं मी लोकांच्या फोनची वाट बघितली. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी माझ्या फोनची वाट बघू दे. अवस होऊ दे, मग मामा साडी घेऊन, पेढे घेऊन जातील. मानानं आणू तिला."

तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की रोहिदासला पुढं बोलवेना. इतकी वर्षं तिनं त्याच्यापायी मान खाली घातली होती. चार दिवस वर राहू दे, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शितल तोडणीला आली. 'सरदार' म्हणाली नाही. बायका वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थांबली आणि त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "काय ठरलं?"

"मामा सांगतील. अवस झाली की."

"मामांचं न्हाई इचारत. तुमचं काय?"

आता तरी! आजूबाजूला कुणी नाही, मामा नाहीत, आई नाही, नुसती शेवंती. पण रोहिदासला वाटलं, आत्ता घाईत, मातीच्या हातानं, रानात उभं राहून काय सांगायचं? चार दिवसांनी मामा साडी घेऊन जातील तेव्हा तिच्या भावजयीपुढं तिची किंमत राहील. तिला मानानंच कळू दे. "मोठ्यांच्या पुढं मी काय बोलणार?" तो म्हणाला आणि वर हसला. आपण केवढं थोर वागतोय असं वाटून हसला बिचारा.

"बरं," शितल म्हणाली.

त्या दिवशी गिताबाईनं मालिका काढली तर शितल म्हणाली की तिनं कालचा भाग पाहिलाच नाही. ओटी भरली, क्रेटमध्ये रिकामी केली, पुन्हा भरली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रोहिदासला वाटलं, लाजत असेल. आता सासरच होणार ना हे!

अमावस्या झाली. विठाबाईनं यवतच्या बाजारातून हिरवी साडी आणली, जरीचा काठ तिनं शेजारणीला दहादा दाखवला. मामांना दुपारचं बोलावणं गेलं. आणि त्याच सकाळी वाफ्यात बसल्या बसल्या गिताबाई म्हणाली, "शितलला आता दुसरी बाई बघा रं तोडणीला. तिची सुपारी फुटली परवा. शिरूरकडचा टेम्पोवाला हाय म्हणं, स्वभावानं बरा हाय म्हणत्यात."

रोहिदासनं विचारलं, "कुणाची?" पुन्हा विचारलं, "कुणाची सुपारी?" गिताबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचा हात तिथंच थांबला. रोहिदासनं मोटारसायकल काढली.

पोपटनं त्याला खुर्ची दिली. पंखा लावला. माणूस सज्जन होता, त्यालाच अवघडल्यासारखं झालं. "मी थांबलो असतो ओ," तो म्हणाला. "पर तुमच्या मामांचं 'कळवतो' ऐकलं, तवाच समजलो. आपल्यात टाळायचं असलं की माणूस असंच बोलतो. मी बी बोललोय तसं कैकांना. तरी शितल म्हणली, थांब, मी त्यांनाच इचारते. घरी आली आन् म्हणली, त्यांचंबी काय न्हाई. मग मी शिरूरला फोन केला."

शितल चहा घेऊन आली. कप ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. पोपट उठून बाहेर गेला.

"शितल," रोहिदास म्हणाला. आता शब्द आले, भराभरा आले. "व्हय व्हतं गं. पहिल्या दिवसापासनं व्हय व्हतं. तू यायच्या आधी मी बांधावर येऊन बसायचो. तू आली न्हाई तर मला फुलं दिसायची न्हाईत."

"मला ठावं व्हतं."

"ठावं व्हतं? मग?"

"मग काय? मला ठावं असून काय व्हतं? मी त्यावर भावाला काय सांगणार, त्यांच्या मनात हाय म्हणून?" तिचा आवाज चढला नाही. "म्हणून तर इचारलं तुम्हाला. रानात, तोंडावर. बाईमाणसानं आणखी काय करायचं असतं?"

रोहिदासनं कप नुसता जागेवर फिरवला.

"त्या माणसाचा मला फोन आला. म्हणला, माझी पोरगी सहा वरसाची हाय, मला तिची वेणी घालता येत न्हाई, रोज शाळेत तशीच जाती. तुम्ही येताल का? मी म्हणलं, येते."

"मोडता येईल अजून. सुपारीच फुटलीय. मी पोपटच्या पाया पडतो."

"न्हाई." ती भिंतीपासून सरळ झाली. "एकदा मोडलंय माझं. मोडल्यावर काय व्हतं त्ये मला म्हाईत हाय. मी कुणाचं मोडणार न्हाई." तिचे डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत, लपवलेही नाहीत. "तुम्ही चांगले हाव ओ रोहिदासराव. लई चांगले हाव. चहा घ्या."

त्यानं चहा घेतला. गार झालेला, साय आलेला, सगळा घेतला.

घरी पोचला तर ओट्यावर सोपानमामा धुतलेल्या धोतरात, हातात पेढ्यांचा पुडा. विठाबाई साडीवर हळदकुंकू लावत होती. "कुठं गेला व्हतास? पोपटकडं? आरं, दम न्हाई निघाला व्हय दुपारपर्यंत?" ती लेकाच्या लग्नातल्यासारखी हसत होती. "काय म्हणाले? मान दिला का नीट?"

"दिला," रोहिदास म्हणाला. "खुर्ची दिली, चहा दिला. तिची सुपारी फुटली, आई. शिरूरला दिली तिला."

विठाबाईला आधी कळलंच नाही. ती मामांकडं बघायला लागली. मामांनी मान खाली घातली. मग ती झटकन उठली, पिशवीतून फोन काढला. "मी बोलते पोपटशी. मी सांगते, चूक माझी हाय, म्हातारीची. मी पाया पडते त्याच्या." नंबर सापडत नव्हता. रोहिदासनं तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"न्हाई. ती न्हाई म्हणली. आता कुणी काय बोलायचं न्हाई."

इतकं ठामपणे तो जन्मात पहिल्यांदा बोलला. विठाबाई त्याच्याकडं बघतच राहिली. हळद लागलेले हात तसेच पुढं धरलेले.

"आसं त्या दिवशी बोलला असतास तर?" ती म्हणाली. "'आई, आत्ताच्या आत्ता व्हय म्हण', एवढंच म्हणायचं व्हतं रं मला. मी काय तुझ्या आड आले असते? सांग की. आले असते का?"

मामा पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं. रोहिदास ओट्यावर बसला. ती आड आली नसती. थोडी कुरकुरली असती, मामांना खूण केली असती, आणि धावत जाऊन पोपटला दारातून परत बोलावलं असतं.